दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत

दवाखान्यात आलेली बाई बाहेरच्या खोलीत खरं काही सांगत नाही. कागदावर नाव, वय, गाव लिहिते आणि तक्रारीच्या जागी 'खांदेदुखी' लिहून मोकळी होते. खरं बोलणं होतं ते पडद्यामागं, मी पट्टी सोडत असताना. मान वळवलेली, नजर भिंतीवर आणि तोंड चालू. सतरा वर्षं मी सांगलीच्या या दवाखान्यात ड्रेसिंग करतेय. आमच्या मॅडम प्लास्टिक सर्जन. भाजलेले हात, फाटलेले ओठ असतातच, पण आता छातीच्या ऑपरेशनलाही आसपासच्या गावांतून बायका येतात. कुणाला कमी करून हवं असतं, कुणाला वाढवून. अशा सतरा वर्षांच्या गोष्टी साठल्यात, आणि घरी कुणाला सांगायची सोय नाही. नावं काढून टाकली की थोड्याफार सांगता येतात.

ऑपरेशननंतर प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच. "सिस्टर, एका बाजूला जास्त सुजलंय का?"

सुजलेलं असतंच. दोन्ही बाजू एकाच वेगानं उतरत नाहीत. कधी दीड महिना लागतो, कधी तीन, कधी त्याहून जास्त. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता पट्टीची गाठ सुटायच्या आधीच ते वाक्य तोंडातून निघतं.

*

एक गणिताच्या बाई होत्या, तासगावकडच्या एका हायस्कूलमधल्या. छाती कमी करून घेतली होती. दहाव्या दिवशी आल्या त्या आलेखाचा कागद घेऊन. रोज सकाळ-संध्याकाळ टेपनं मोजून दोन रेघा काढल्या होत्या. डावीकडची निळी, उजवीकडची लाल. निळी शहाण्यासारखी खाली येत होती. लाल वरच अडकलेली.

"मॅडम, ही रेघ आतापर्यंत खाली यायला हवी होती," बाई म्हणाल्या. परीक्षेत नापास झालेल्या मुलाच्या आईशी बोलावं तसा आवाज.

मॅडमनी कागद नीट पाहिला. मग कॉम्प्युटरवर ऑपरेशनच्या आधीचे फोटो काढले. उजवी बाजू आधीपासूनच मोठी होती, चांगली ठळक दिसण्याइतकी. मॅडम म्हणाल्या, "या बाजूचं जास्त काढावं लागलं, म्हणून इथं सूजही जास्त आहे."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"फोटोतलं हे माझंच आहे?"

"तुमचंच."

"पंचेचाळीस वर्षांत कधी लक्षात आलं नाही."

"तेव्हा तुम्ही मोजत नव्हता," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. पुढच्या खेपेला आलेख आणला नव्हता.

*

नवरे बहुतेक बाहेरच थांबतात. एक मात्र बायकोनं हात धरून आत आणलेला. लग्नाला चार वर्षं झालेली, बायकोनं छाती वाढवून घेतलेली. उजवी बाजू वर बसल्यासारखी वाटते असं तिचं म्हणणं. नवऱ्याचं म्हणणं, दोन्ही सारखंच आहे. दोन दिवस घरात यावरनं अबोला.

मी पट्टी सोडली. ती म्हणाली, "आता सिस्टरच्या समोर सांगा."

तो म्हणाला, "सारखंच हाय."

मी वळून बघितलं तर हा पठ्ठ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता.

"आवं, हिकडं बघून सांगा की."

त्यानं एक क्षण बघितलं. चेहरा उतरला. सुजलेलं, निळं पडलेलं अंग त्यानं पहिल्यांदाच पाहिलं होतं. घरी तो दिवा बंद झाल्याशिवाय खोलीत येत नव्हता, हे तिनं मला मघाशीच सांगितलं होतं.

"लय दुखतंय का गं?" त्यानं विचारलं.

वर-खालीचा विषय त्या दिवशी परत निघाला नाही. जाताना तिची फाईल त्याच्या हातात होती.

*

सांगलीत राहायचं आणि हळदीची गोष्ट नाही, असं होत नाही. हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरातली सून. घरच्यांना तिनं गाठीचं ऑपरेशन असं सांगितलेलं. आठव्या दिवशी सासूबाई स्वतः घेऊन आल्या. पट्टी सोडली तर डावीकडं बोटभर जाडीचा पिवळा लेप. एका बाजूला सूज जास्त दिसली म्हणून सासूबाईंनी रात्रंदिवस हळद लावली होती, तीही टाक्यांवर.

लेप काढायला मला अर्धा तास लागला. तो असेपर्यंत खालची कातडी दिसतच नव्हती. निघाला तेव्हा खाली लालभडक, गरम. हात लावला की कळत होतं. अंगात ताप होता, तो मात्र तिनं आदल्या दिवसापासून कुणाला सांगितला नव्हता. मॅडमनी तिथनंच ॲडमिट करून घेतलं. चार दिवस सलाईनमधून औषध, एक टाका उघडून पू काढला. वेळेत आली म्हणून तेवढ्यावर निभावलं.

मॅडमनी सासूबाईंना समोर बसवून समजावलं. जखमेवर काही लावायचं नाही, ताप आला, लाली दिसली की लगेच यायचं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. उठताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडमना एवढं सांगा, हळद चांगली होती. आमच्या वखारीतली. भेसळ न्हवती त्यात."

मी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "त्यांना सांग, माझ्याकडं भाजीला तीच असते."

चौथ्या दिवशी डिस्चार्जच्या वेळी सासूबाईंनी सुनेच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि हळूच विचारलं, "गाठ न्हवती, व्हय?"

सून म्हणाली, "न्हवती."

"मग सांगायचं की. मी काय खाल्लं असतं तुला?"

*

पुरुषही येतात. माण तालुक्यातला एक गडी, सव्वीस वर्षांचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. खांदे, दंड दगडासारखे, पण छाती बाईसारखी वाढलेली. दहावीपासून चारचौघांत सदरा काढला नव्हता. नदीवर सगळे अंघोळीला उतरायचे तेव्हा हा मेंढरांपाशी थांबायचा. लग्न ठरलं तेव्हा एकटाच आला. ऑपरेशन चांगलं झालं. छातीला घट्ट पट्टा बांधून दिला आणि तीन आठवडे वजन उचलायचं नाही, असं मी तीनदा सांगितलं.

आठवड्यानं आला तर उजवीकडं बशी पालथी घातल्यागत फुगवटा. बोटानं दाबलं की आतलं पाणी हलायचं. मॅडमनी सुईनं ते ओढून काढलं. मोठी सिरिंज भरली, दुसरी अर्धी झाली.

"काय उचललं?" मॅडमनी विचारलं.

"काय न्हाई."

"खरं सांग."

तो खाली बघायला लागला. "मेंढरू न्हाई वो मॅडम. कोकरू होतं. मागं राहिलं होतं, एवढंसं."

"किती लांब नेलंस?"

"मेंढरांच्या वाड्यापतोर."

"वाडा किती लांब?"

"दोन मैल असंल."

नंतर दोनदा आणखी पाणी काढावं लागलं. मग बसली छाती. लग्नाचा फोटो त्यानं मला मोबाईलवर दाखवला. हळदीचा. अंगात सदरा नव्हता.

*

एक माझ्या चुकीचीही सांगते.

कोयनानगरची एक बाई, धरणाच्या वसाहतीत राहणारी. ऑपरेशन होऊन घरी गेली. पाचव्या दिवशी दुपारी फोन. "सिस्टर, उजव्या बाजूला जास्त सुजलंय." माझं वाक्य तयारच. "सूज सारखी नसते ओ, उतरेल." ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

दहा मिनिटांनी परत तिचा फोन. "तुमी म्हणताय तर असंल. पण सकाळी न्हवतं एवढं."

मी म्हटलं, फोटो पाठवा. ती म्हणाली, फोटो न्हाई पाठवणार, फोन पोरं बघत्यात. मग थोड्या वेळानं एक चित्र आलं. वहीच्या पानावर पेन्सिलीनं काढलेलं. दोन गोल. डावा लहान, उजवा जवळजवळ दीडपट, आणि तेवढा सगळा गिरवून काळा केलेला. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं : ताणलंय, चकाकतंय, दुखणं वाढतंय, रंग जांभळा.

मी पेशंट सोडून धावत मॅडमकडं गेले. त्यांनी चित्र बघितलं आणि उभ्या राहिल्या. "आत रक्त साठतंय. आत्ता निघायला सांग. काही खाऊ-पिऊ नको म्हणावं." कराडच्या ओळखीच्या सर्जनना त्यांनी स्वतः फोन केला, वाटेत चक्कर आली तर तिथंच थांबवायचं म्हणून.

मी बाईला फोन लावला. डोंगरातला रस्ता, गाडी कुठनं मिळणार, बरोबर कोण, हे सगळं माझ्या डोक्यात. पलीकडनं गाडीचा आवाज.

"चित्र पाठवलं आन् निघाली मी. पाटणच्या वाटेला लागली."

"एवढ्या लवकर कशा निघालात?"

"आमची पिशवी दाराशी भरलेलीच असती सिस्टर. जमीन हलली की दोन मिनिटांत भाईर, ही सवय हाय आमाला."

संध्याकाळी आमच्याकडंच टेबलावर घेतलं. गोठलेलं रक्त काढलं, वाहणारी शीर बांधली. बरी झाली. ते पान मॅडमनी तिच्या फाईलला लावून ठेवलंय. आणि मी तेव्हापासून आधी विचारते, सकाळी किती होतं, आता किती आहे, दुखणं वाढतंय का. मगच बाकीचं.

*

म्हसवड-सातारा गाडीवरची एक कंडक्टर बाई. वय एकेचाळीस. आत आली की "जय भीम सिस्टर" म्हणायची आणि चप्पल भिंतीला नीट टेकवून ठेवायची. तिच्या दोन्ही खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांनी पडलेले खोल चर होते, बोट बसेल एवढे. छातीच्या वजनानं शाळेनंतर कधी पळता आलं नव्हतं, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डेपोत तिनं खांद्याचं ऑपरेशन आहे असं सांगितलं होतं. एका परीनं ते खोटंही नव्हतं.

तिचं लांबलं. दुसऱ्या आठवड्यात खालच्या टाक्यांच्या सांध्यात जखम थोडी उघडली. घाबरण्यासारखं नव्हतं, पण दर तीन दिवसांनी ड्रेसिंग. ती म्हसवडहून यायची, दोन गाड्या बदलून. जखम भरली तर डावीकडची सूज राहिली. उजवी उतरली, डावी तशीच. ती कधी रडली नाही, चिडली नाही. फक्त प्रत्येक वेळी पट्टी सुटली की विचारायची, "आज?" आणि मी म्हणायचे, "थोडं थांबा अजून." ती मान हलवायची आणि ब्लाऊजची बटणं लावायला घ्यायची.

चौथा महिना उजाडला. त्या दिवशी मॅडमनी तिला आरशासमोर उभं केलं. मागं सरकून बघितलं, बाजूनं बघितलं.

"झालं," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही सारख्या. आता यायची गरज नाही."

"ड्यूटी?"

"सोमवारपासून जा."

"आन् बाकीचं?"

"सगळं करा. आता कशालाच हरकत नाही."

"सगळं म्हंजी?"

"सगळं म्हणजे सगळं," असं म्हणून मॅडम दुसऱ्या पेशंटकडं गेल्या.

तिनं कपडे घातले, वेणी घट्ट केली. माझ्याबरोबर बाहेर आली. दवाखान्याचा पॅसेज लांब आहे, या टोकाला ड्रेसिंग रूम, त्या टोकाला जिना. जेवणाची वेळ, बाकं रिकामी होती. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पर्स माझ्या हातात दिली. मग पदर कमरेला खोचला आणि पळाली.

जिन्यापर्यंत गेली, कठड्याला हात लावला, वळली आणि तशीच पळत परत आली. माझ्यासमोर उभी राहून धापा टाकत होती. चेहरा लाल झाला होता.

"कुणी बघितलं का वो?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग पर्स अजून जरा धरा."