नाल्याच्या चुकीच्या बाजूला झालेली मोजणी

गोंदिया वेगळा झाल्यावर भंडारा जिल्ह्यातले रस्ते निधीसाठी नव्याने क्रमाने लावले. जास्त वाहनांचा रस्ता वर. आमचा तळाशी गेला. वाटेतल्या नाल्यावर पूल नव्हता. लोक सायकली, मोटारसायकली पलीकडच्या गावात ठेवून पाण्यातून चालत घरी येत. पाणी चढलं की धाकट्या बहिणीची शाळा बुडे. वाहनं मोजणारे मात्र आमच्याच काठावर बसले होते.

मी आईला घेऊन रस्त्यांच्या कार्यालयात गेलो.

साहेब म्हणाले, "वाहनंच नाहीत, तर पूल कशाला?"

"मंग गाडी का डोक्यावर घेऊन येऊ, साहेब?" आई म्हणाली.

साहेब हसले. मी हसलो नाही. म्हणालो,

"पलीकडच्या काठावर मोजा. नव्या मोजणीची तारीख मिळेपर्यंत आम्ही इथंच बसतो."

दुपारी त्यांनी तारीख सांगितली. मी ती लेखी मागितली.