गच्चीवरचं नॅरोगेज

मी सात वर्षं एक इंजिन बनवत होतो. नागपूरहून कुहीवरून नागभीडला जी नॅरोगेज गाडी जायची, तिला पूर्वी वाफेचं इंजिन असायचं. त्याचीच ही लहान प्रत, लांबी चार फूट. पण खेळणं नाही हो! आत तांब्याचा बॉयलर, खरी आग, खरी वाफ; मागं ट्रॉली लावली की माणूस बसून जाऊ शकतो. आयटीआयमध्ये जन्मभर पोरांना लोखंड कातायची लेथ शिकवली. रिटायर झालो तेव्हा एक जुनी लेथ भंगारातून उचलून आणली आणि नंदनवनच्या घरात मागच्या खोलीत बसवली. त्या खोलीत बायकोच्या गव्हा-तांदळाच्या कोठ्या होत्या. त्या आता आमच्या पलंगाशेजारी आहेत. त्यावर ती काय म्हणते ते छापण्यासारखं नाही.

सहल म्हणून तिला दार्जिलिंगला नेलं, उटीला नेलं. तिनं डोंगर पाहिले, मी तिथल्या छोट्या गाडीच्या इंजिनाखाली वाकून सांधे पाहिले. परत आल्यावर मोबाइलमध्ये तिचे फोटो चार आणि चाकांचे तीनशे. “मी मेले तं हार घालाले तरी माझा एक धड फोटो काढून ठेवा,” असं तिनं सगळ्या नातेवाइकांसमोर ऐकवलं.

खरं सांगायचं तर हे इंजिन मला एकाच माणसाला दाखवायचं होतं. माझ्या मोठ्या भावाला. दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी पाचवीत होतो आणि दादा नुकताच याच गाडीवर फायरमन लागला होता. फायरमन म्हणजे चालत्या इंजिनात उभं राहून बेलच्यानं भट्टीत कोळसा टाकणारा. घर त्याच्यावर चाललं, मी शिकलो तोही त्याच्याच जिवावर. आता तो कुहीला राहतो, वहिनीच्या माहेरच्या धानाच्या वावराजवळ. दर तीन महिन्यांनी धंतोलीत छातीच्या डॉक्टरकडे येतो आणि मुक्कामाला आमच्याकडे असतो. त्यानं एकदा इंजिन पाहावं आणि “जमलं गा” एवढं म्हणावं, इतकीच माझी इच्छा. सात वर्षांत तो मागच्या खोलीत एकदाही आला नाही.

“दादा, सिलिंडर बसवले. पाह्य ना.”

“बसव,” असं पेपरमधून डोकं न काढता.

बॉयलर जोडला त्या दिवशी तर मी त्याला हाताला धरून उठवायला गेलो. हात सोडवून घेतला आणि म्हणाला, “मले चहा सांग.” माझं डोकं फिरलं. मी तसाही लवकर तापतो, घरात सगळ्यांना माहीत आहे. “अख्खी गल्ली पाहून गेली! तूच काहून येत नाही?” तर म्हणतो, “मी मोठं पाह्यलं आहे. लहान पाहून काय करू?” दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. त्याला त्याचा काही फरक पडला नाही, हे आणखी वाईट.

एकदा त्याला फसवून रेल्वेच्या म्युझियमला नेलं. डॉक्टरकडून परस्पर रिक्षा वळवली. तिथं नॅरोगेजचं जुनं इंजिन उभं आहे, काळंभोर रंगवलेलं, पितळ चकचकीत. मी टेप काढून मापं घ्यायला लागलो. दादा झाडाखाली बाकावर बसला. मी हाक मारली, “वर चढ ना, तुझी जागा पाहू!” तो म्हणाला, “इतकं स्वच्छ इंजिन मी जन्मात पाह्यलं नाही,” आणि बसूनच राहिला. मला वाटलं, म्हातारा झाला, गुडघे दुखत असतील.

डॉक्टर दर वेळी विचारायचे, बिडी किती ओढायचे? दादानं आयुष्यात बिडी ओढली नाही. तो नाही म्हणून मान हलवायचा. मी शेजारीच बसलेलो असायचो आणि मनात कुठल्या तरी वॉल्व्हचं माप चालू असायचं. आज हे लिहिताना लाज वाटते.

इंजिन पूर्ण झालं. बॉयलरमध्ये पाणी कोंबून दुप्पट दाबाला तपासला, एक थेंब गळला नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून कपड्यांच्या दोरीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचे सरळ रूळ टाकले. आणि बापा, इंजिन काही चालेना! वाफ धरायची, दाबाचा काटा चाळीसपर्यंत चढायचा आणि तिथून जो उतरायचा तो उतरायचाच. ऐंशी पाहिजे होते. इंटरनेटवरचे इंग्रज म्हातारे सांगतात, भट्टी दारापर्यंत भरा. मी भरली. एकदा भरली, दोनदा भरली. ज्याला तीस वर्षं पोरं सर म्हणाली, त्याला शेगडी पेटवता येईना.

तिसऱ्या खेपेला हिवाळ्यातला रविवार होता. दुसऱ्या दिवशी दादाची तपासणी होती, म्हणून तो आदल्या दिवशीच आलेला. “दादा, आज तरी ये,” म्हटलं. “तू कर,” म्हणाला. शेजारचे दोघं-तिघं खुर्च्या घेऊन वर आले, बायकोनं पोहे केले. लाकडी कोळशानं आग धरली, मग ढाबेवाल्याकडचा दगडी कोळसा चमच्यानं टाकत गेलो. काटा चाळीस. मग पस्तीस. मग तीस. शेजारी पोहे खात गप्प बसले होते, ते तर फारच झोंबलं. मी चमचा आपटला.

तेवढ्यात जिन्यात खोकला ऐकू आला. दादा वर येत होता, ओला रुमाल नाकाला बांधून. बायको मागून ओरडत होती, “दादा, धूर आहे वर, नका जाऊ!” तो आला, इंजिनाकडे बघितलंही नाही, सरळ वाकून भट्टीच्या दारात डोळा लावला.

“भैताडा, किती कोंबलं हे! चूल आहे काय?”

“तं तूच सांग ना! सात वर्षं बोलावून राहिलो!”

“बाजूले हो.”

त्यानं सळई घेतली आणि जाळीला चिकटलेली, जळून दगड झालेली राख खाली पाडली. अर्धा कोळसा बाहेर ओढला. “आपल्या कोळशात राख लय. पातळ पसरवा लागते. पह्यले कोपरे, मंग मध्यात,” असं पुटपुटत चमच्यानं चिमूटभर चिमूटभर टाकत गेला. आग पांढरी झाली. काटा हलला. चाळीस, पन्नास, साठ. शेजारी उठून उभे राहिले. ऐंशीला सेफ्टी वॉल्व्ह फुस्स करून उडाला आणि बायकोनं चक्क टाळ्या वाजवल्या.

मी आनंदानं हात पुढे केला. “दे दादा चमचा, आता मी टाकतो.”

त्यानं चमचा मागं घेतला.

“तू नको टाकू.”

“काहून?”

तो थोडा वेळ खोकला. रुमाल खाली केला. “अठरा वर्षं मी कोळसा टाकला, तो तुले टाका लागू नये म्हणून. अन् तू पेन्शन घेऊन हौसेनं टाकून राहिला. मले पाहवत नव्हतं गा. म्हणून नाही येत होतो मी.”

पासष्ट वर्षांचा माणूस मी, शेजाऱ्यांसमोर रडलो.

“रडून काय राहिला? वाफ वाया चालली. बस, चालव.”

मी ट्रॉलीवर बसलो आणि वाफेचा रेग्युलेटर उघडला. चाकं एकदा जागेवर घसरली, मग धरली, आणि इंजिन निघालं. दादानं प्लॅस्टिकची खुर्ची टाकीजवळ ओढून घेतली होती. मी दोरीपर्यंत जायचो आणि मागं मागं परत यायचो. तो हात वर करायचा, मी थांबायचो, तो वाकून दोन चमचे टाकायचा आणि जा म्हणून खूण करायचा. पाणी संपेपर्यंत अशा अकरा फेऱ्या झाल्या. अकरा फेऱ्यांत त्यानं मला कोळशाला हात लावू दिला नाही.