हरणाच्या डोक्यातली बंद वाट

हरणा ही आमच्या शेजारच्या नाथाजीची बायको. अंगानं काटकुळी, आणि बोलायला बसली की समोरच्याचा चहा गार व्हायचा. दिवसभर द्राक्षाच्या बागेत राबायची, पण तासगावकडच्या आमच्या गावात तिला ओळखायचे ते पुरणपोळीसाठी. कुणाच्या घरी देवाचं काही असलं की पहिलं बोलावणं हरणाला. मनुबाईच्या घरी देवीचे घट बसतात, सगळ्या गावाची तिथं ये-जा. तिथला नैवेद्य तर हरणाशिवाय व्हायचाच नाही.

देवाचा स्वयंपाक म्हटलं की बाईची अडचण मध्ये येतेच. आमच्या वेळी पाळी आली की बाई बाजूला बसायची आणि दुसरी चुलीपुढं. आता पाळी पुढं ढकलायची गोळी मेडिकलमध्ये मिळते. डॉक्टरला न विचारता बायका ती कोथिंबीर आणावी तशी आणतात. त्या साली श्रावणापासनं हरणाला एकामागनं एक घरं लागली होती, आणि घर आलं की गोळी आलीच. नवरात्र जवळ आलं तशी मनुबाईनं स्वतः गोळ्यांची पाकिटं आणून तिच्या हातावर ठेवली. "हरणे, आईचं तेवढं पार पाड. मग बस निवांत." हरणा तिला काकी म्हणायची. काकीनं दिलं म्हणजे चांगलंच असणार, एवढाच तिचा हिशोब. हे सगळं आम्हाला कळलं ते मागनं.

तिचं डोकं दुखायला लागलं आणि राहीचना. आडवं झालं की जास्ती ठणकायचं, म्हणून भिंतीला टेकून झोपायची. चष्मा नसलेल्या बाईला एकाचे दोन दिसायला लागले. "आज्जी, तुमी आज दोन दोन दिसताय," म्हणाली. मी म्हटलं, "एकच म्हातारी लोकांना जड झालीया, दुसरी कशाला काढतीस?" हसली बिचारी, आणि हसता हसता ओकली. गावातल्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या.

अष्टमीला मनुबाईच्या स्वयंपाकघरात पोळी लाटता लाटता तिचा उजवा हात झटके द्यायला लागला. डोळे फिरले, बाई जमिनीवर. मनुबाईच्याच गाडीतनं तिला मिरजेच्या दवाखान्यात नेलं, मनुबाई पुढं बसली. नाथाजी म्हणाला, "आज्जी, आपलं बाईमाणूस पाहिजे संगं," म्हणून मीही चढले.

तिथं डोक्याचा एक फोटो काढला. त्यात काही निघालं नाही. मनुबाईनं लगेच निकाल दिला, "बघा, मी म्हणत नव्हते? पित्त चढलंय. चला घरी."

तिथली डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण हलायला तयार नव्हती. "हा मेंदूचा फोटो झाला. मला आता डोक्यातल्या शिरा बघायच्यात."

मग हरणाचं डोरलं, जोडवी काढून नाथाजीच्या मुठीत दिली आणि तिला बोगद्यागत मशिनीत सरकवलं. आत असा खडखडाट, की दाराबाहेरसुद्धा वाटावं कुणी पत्र्यावर हातोडा घालतंय. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाईनं आम्हाला टीव्हीगत पडद्यापुढं उभं केलं. काळ्या रंगात पांढऱ्या रेघा, झाडाच्या मुळ्यांसारख्या.

"ह्या रक्त परत नेणाऱ्या शिरा. ही मोठी शीर कपाळापासनं मागं मानेकडं सलग दिसायला हवी. हितं बघा, तुटलीय. गुठळी झालीय आत. रक्त डोक्यात येतंय, पण माघारी जायची वाट बंद आहे."

मी म्हटलं, "म्हंजे न्हाणीतली मोरी तुंबल्यागत?"

"अगदी तसंच, आजी." मग ती नाथाजीकडं वळली. "कसल्या गोळ्या चालू होत्या का? पाळी पुढं ढकलायच्या?"

नाथाजीला काय ठाऊक असणार! त्यानं मनुबाईकडं बघितलं. मनुबाई पदर नीट करत म्हणाली, "छ्या! आमच्याकडं असलं काय चालत न्हाई."

खाटेवर हरणा अर्धवट गुंगीत होती. पण तिनं ऐकलं. जड जिभेनं म्हणाली, "काकी... तुमीच आणून दिल्या की."

"भ्रमात बडबडतीया," मनुबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाई खाटेशी वाकली. "गोळी कशी होती हो?"

"पांढरी. बारकी. दिसातनं तीनदा."

डॉक्टरीणबाईनं मान हलवली. मनुबाईकडं बघितलंसुद्धा नाही. त्या गोळ्यांनीसुद्धा रक्त गोठू शकतं, म्हणाली, आणि ह्यापुढं एकही घ्यायची नाही. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू झाली. दसरा हरणानं तिथंच काढला.

जीव वाचला, नजर बरीच आली, उजवा हात तेवढा जरा कमजोर राहिला. गावात आली तर गावात वेगळंच शिजलेलं. हरणानं विटाळ लपवून आईचा नैवेद्य केला, म्हणून आईनं डोक्यात मारलं. ही बातमी निघाली मनुबाईच्या ओट्यावरनं. ज्या बायकांनी पूर्वी आपल्या घरच्या नैवेद्यासाठी हरणाला त्याच गोळ्या आणून दिल्या होत्या, त्यासुद्धा माना डोलवत होत्या. नाथाजी शहाणा म्हणावा, तर तोच बायकोला म्हणतो, "जा की, आईची ओटी भर, माफी माग. मिटवून टाक."

"कशाची माफी?" हरणा एवढंच म्हणाली. त्यानंतर तिचं बोलणं कमी झालं. समोरच्याचा चहा आता गरम राहायचा.

दुसऱ्या साली घट बसायच्या आधी मनुबाई हरणाच्या घरी आली. मी तिथंच गवार मोडत बसले होते. आदल्या साली हरणा पडल्यावर नवमीला मनुबाईच्या सुनेचं पुरण पातळ झालं होतं, गावानं नावं ठेवली होती. मनुबाईच्या हातात नवं लुगडं.

"हरणे, झालं गेलं सोड. तुझ्या तारखा बघून ये. गोळी न्हाई म्हणत मी."

"येते की," हरणा म्हणाली. "घटापुढं बायका जमतील तवा एकदा सांगा, गोळ्या मी दिल्या हुत्या म्हणून."

मनुबाईचं तोंड उतरलं. "एवढ्या बायकांत कसं सांगू गं?"

"दवाखान्यात तर आमी चारच माणसं हुतो ऐकायला, काकी."

मनुबाई उठली. मग लुगडं उचलून गेली. नाथाजी दारात उभा होता, म्हणाला, "एवढं ताणायचं नसतं. लुगडं घेऊन आलती ती."

हरणा माझ्याजवळ सरकली. माझ्यापुढची थोडी गवार ओढून घेतली. डाव्या हातानं मोडायला लागली, उजव्यात अजून तेवढी पकड नव्हती.

"आज्जी, सोमवारी मिरजेला जायचं हाय. वाट उघडली का बघायला परत फोटो काढायचाय. ह्येंना सुट्टी न्हाई. पूर्वी म्हटलं असतं तर दहा जणी आल्या असत्या." एक शेंग मोडली. "तुमी याल का?"

म्हटलं, "येते. पण एसटीत खिडकी मला."