आसरांची ओटी

खोडदच्या बाजूला दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या राहत होत्या, तेव्हा आमच्या शेतात विहीर खणणं चाललं होतं. मी चौथीत होते. खणायला माणसं लावली होती, तरी मुरमाची घमेली वाहायला आत्या सगळ्यांच्या पुढं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला आणि ती माहेरी येऊन राबत राहिली. हळदीकुंकवाला, बारशाला तिला कुणी बोलवायचं नाही. अशा दिवशी ती मुद्दाम गोठ्यात काम काढायची. मला त्याचा फार राग यायचा, अजून येतो.

आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं की काठावर साती आसरा मांडतात. या पाण्यातल्या सात बहिणी. सात दगड ओळीनं ठेवायचे, शेंदूर लावायचा, हिरव्या बांगड्या वाहायच्या आणि सवाष्णीनं ओटी भरायची. आसरा रुसल्या तर पाणी आटतं, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती.

दगड आत्यानंच ओढ्यातून निवडून आणले, धुऊन ओळीनं लावले आणि लांब बांधावर जाऊन उभी राहिली. थोरल्या चुलतीनं ओटीचं ताट आईच्या हातात दिलं. आईनं ते घेतलं, पण ती खाली बसेना.

"वन्सं, इकडं या. तुमी भरा ओटी."

"अगं, सवाष्णीचं काम हाय ते," चुलती म्हणाली. "पाणी आटलं मंजी?"

आई एरवी चुलतीपुढं चकार शब्द काढायची नाही. त्या दिवशी म्हणाली, "आक्का, आसरांना तरी कुठं नवरं हायेत? साती बहिणी बिननवऱ्याच्या, आन आपुन त्यांच्याकडंच पाणी मागतोय."

चुलतीनं वडिलांकडं पाहिलं. वडील विहिरीत पाहत राहिले. अडचणीच्या वेळी पुरुषांना विहिरीत बरंच काही दिसतं.

आत्यानं ओटी भरली. निम्मे तांदूळ बाहेरच सांडले. मला इतका आनंद झाला की मी रडले. चुलती मात्र पुढं कितीतरी दिवस येता-जाता विहिरीत डोकावायची.

उन्हाळ्यात आजूबाजूच्या विहिरी तळाला गेल्या. आमची मोटर चालत राहिली. त्यात आसरांचं किती आणि झऱ्याचं किती, मला ठाऊक नाही. गावानं मात्र आपल्यापुरतं ठरवून टाकलं.

पुढच्या वर्षी शेजारच्या मळ्यात नव्या विहिरीला पाणी लागलं. त्यांची सून बोलावणं घेऊन दारात आली. आई पुढं झाली, तशी ती संकोचून म्हणाली, "काकू, तुमी याच. पण मी आत्याबाईंना न्यायला आले. आसरा त्यांच्याच हातानं मांडायच्या म्हणत्यात."

आत्या शेण काढत होती. हात धुऊन दारात आली, बोलावणं ऐकलं. मग आईजवळ जाऊन हळूच म्हणाली, "वयनी, तुजं ते हिरवं लुगडं देतीस का नेसाया?"