डोळ्याजवळचं चाक

बंद पडलेला कॅमेरा मला चालू कॅमेऱ्यापेक्षा जास्त आवडतो. चालू कॅमेऱ्यानं फक्त फोटो काढता येतात. बंद कॅमेऱ्यात बिघाड कुठं आहे ते शोधता येतं, आणि शोधत असताना सहसा कुणी बोलायला येत नाही. बोलणं मला फारसं जमत नाही, त्यामुळं हे सोयीचं पडतं.

धाराशिवला एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. भिंगं आणि लोलक पुसून कपाटात ठेवायचे, मुलांनी फोडले की नवे मागवायचे. या नोकरीतूनच कॅमेऱ्याचा नाद लागला असावा. तुळजापूरला देवळाच्या वाटेवर पूर्वी गळ्यात कॅमेरा अडकवलेले फोटोग्राफर उभे असायचे. भाविकांचा फोटो काढून तिथल्या तिथं छापून द्यायचे. लोकांच्या हातात फोन आले आणि त्या कॅमेऱ्यांची जागा माळ्यावर झाली. मी ते उचलून आणतो. रबर सुटलेलं, बटणांवरची अक्षरं पुसलेली, आतून कुंकवाची पूड निघते. त्यांना रोलच्या जमान्यातल्या, हातानं फिरवून फोकस करायच्या लेन्स लावतो. कॅमेरा एका घराण्याचा, लेन्स दुसऱ्या घराण्याची, त्यामुळं मधे धातूचं एक कडं बसवावं लागतं. बायको म्हणते, पोरांच्या सोयरिकी जमवायच्या वेळी घरात टिकला नाहीत, ह्यांच्या मात्र हौसेनं जमवता.

असाच एक जमवलेला कॅमेरा मी माकणीला थोरल्या भावाला दिला. दादा शेती बघतात. आमचं रान धरणाच्या फुगवट्याला लागून आहे, त्यामुळं पाण्यावर बगळे, थंडीत बदकं, ज्वारी भरली की कणसांवर भोरड्यांचे थवे. दादा ते सगळं लहानपणापासून बघत आले होते, आता फोटो काढू लागले. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा गेलेला होता आणि तो मला दुरुस्त करता आला नव्हता. म्हणजे काढलेला फोटो कसा आला हे दादांना दिसायचं नाही. व्ह्यूफाइंडरच्या भोकाला उजवा डोळा लावायचा, लेन्स फिरवत चित्र स्पष्ट करायचं, बटण दाबायचं आणि विसरून जायचं. महिन्याकाठी मी गावी गेलो की कार्ड काढून लॅपटॉपला लावायचो. मग सोप्यात, आबांच्या तसबिरीखाली, घरातली सगळी माणसं गोळा व्हायची.

आबा म्हणजे आमचे वडील. ती तसबीरही माझ्याच पहिल्या कॅमेऱ्यातली, त्यांच्या शेवटच्या वर्षातली. तीत त्यांचा उजवा डोळा पांढरट दिसतो. फ्रेमवाला म्हणाला होता, दुसऱ्या डोळ्यासारखा करून देतो, कळणारसुद्धा नाही. दादांनी नको म्हणून सांगितलं.

व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक बारीक चाक असतं, नखानं फिरवायचं. एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला वजा. ज्याचा जसा डोळा तसं ते लावायचं, म्हणजे चष्मा नसतानाही आतलं चित्र स्वच्छ दिसतं. जुना कॅमेरा घरी आणला की मी पहिल्यांदा हेच चाक फिरवतो, कारण ते आधीच्या मालकाच्या डोळ्याला लावलेलं असतं. दादांना कॅमेरा दिला तेव्हा मी त्यांना भोकातून बघायला लावून चाक जुळवलं आणि जिथं जुळलं तिथं बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

पुढच्या खेपेला चाक ठिपक्यावर नव्हतं. वजाकडं जरासं सरकलेलं. पिशवीत घासून सरकलं असेल म्हणून मी परत जागेवर आणलं. दादांनी भोकातून बघितलं आणि म्हणाले, बिघडवून ठेवलंस. नंतरच्या खेपेला ते पुन्हा वजाकडं होतं, आधीपेक्षा थोडं जास्त. असं बरेच महिने चाललं. मी चाक आणायचो, ते न्यायचे. मला वाटलं चाकच सैल झालंय. एकदा खाली रबराचा तुकडासुद्धा घालून बघितला.

त्याच सुमारास दादांचा जवळचा चष्मा सुटला. साठीच्या माणसाचा चष्मा सुटतो ही घरात कौतुकाची गोष्ट झाली. पेपर ते उघड्या डोळ्यांनी वाचू लागले, सुईत दोरा ओवू लागले, नातवाच्या तळपायातला काटा त्यांनीच काढला. वहिनींच्या मते हा शेवग्याच्या पाल्याचा गुण होता. भावकीत बातमी गेली, वेशीजवळचा शेवगा ओरबाडून निघाला. माझ्या बायकोनंही आठवड्यातून दोनदा पाल्याची भाजी सुरू केली, ती मी वर्षभर खाल्ली. संध्याकाळचं दूध डेअरीला पोचवायचं काम मात्र दादांनी मुलाकडं दिलं होतं. समोरच्या गाड्यांचे दिवे लई फाकतात म्हणाले. आम्ही नव्या गाड्यांच्या दिव्यांना नावं ठेवली आणि विषय संपला.

मग एका खेपेला दादांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आत बुरशी धरलीय, धुरकट दिसतंय, साफ करून आण. जुन्या भिंगांना बुरशी धरते हे मीच त्यांना सांगितलेलं होतं. धाराशिवला आणून मी कॅमेरा उघडला. आरसा बघितला, वरची दुधी काच काढून बघितली, लोलक उजेडात फिरवून बघितला. कुठंही काही नव्हतं. तरी पुसायचं ते सगळं पुसलं आणि पुढच्या रविवारी परत घेऊन गेलो.

दादांनी अंगणात उभं राहून समोरच्या कडुलिंबावर कॅमेरा धरला. चाक फिरवत फिरवत पार वजाच्या टोकाला नेलं. आजून तसंच हाय म्हणाले. मी कॅमेरा घेतला, चाक माझ्या डोळ्याला लावलं, बघितलं. कडुलिंबाची पानं सुटी सुटी दिसत होती.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रयोगशाळेत आयुष्य गेलं, आणि बिघाड कॅमेऱ्यातच असणार हे मी धरूनच चाललो होतो. मी चाक परत लाल ठिपक्यावर आणलं आणि दादांना डाव्या डोळ्यानं बघायला सांगितलं. डावीकडनं मला जमत न्हाय म्हणाले. मी हट्ट धरला. त्यांनी डावा डोळा लावला, आणि बराच वेळ काढलाच नाही.

"आता?" मी विचारलं.

"आता सोच्छ हाय," ते म्हणाले आणि कॅमेरा माझ्या हातात देऊन गोठ्याकडं गेले.

मोतीबिंदू होता. काही जातीच्या मोतीबिंदूत सुरुवातीला जवळचं उलट चांगलं दिसायला लागतं, हे मी नंतर वाचलं. शेवग्याला फुकटच श्रेय मिळालं होतं. दादांना मात्र हे नवं नव्हतं. तोंड धुताना डावा डोळा मिटला की समोरचं घर धुरात जातं, हे त्यांना कधीच कळलेलं होतं, भोकातला धूर मात्र त्यांनी बुरशीवर ढकलला होता. ते वाट बघत होते. आमच्याकडं मोतीबिंदू फळासारखा समजतात, पिकल्याशिवाय काढायचा नाही. आबांचाही पिकू दिला होता. थोरला म्हणून तो निर्णय दादांचा होता, आणि गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनीही तेच सांगितलं होतं. पिकता पिकता तो फुगला, आबांच्या डोळ्यात कळा सुरू झाल्या, सोलापूरला नेईपर्यंत आतली नस गेली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पण त्या डोळ्यानं आबांना नंतर काही दिसलं नाही, वरचं बुबुळही पांढरट पडत गेलं. घरात मात्र ती गोष्ट अशीच सांगितली जाई की ऑपरेशन केलं आणि डोळा गेला. कुणी ती दुरुस्त करायच्या भानगडीत पडलं नाही. मीही नाही.

धारेच्या वेळी मी गोठ्यात गेलो. दादा म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते.

"दादा, आता पिकायची वाट बघत न्हाईत. कवळा असतानाच काढत्यात."

"आबांचा काढला. डोळा गेला."

"काढल्यानं न्हाय गेला. थांबल्यानं गेला."

मुलांना प्रयोगातली चूक दाखवावी तसं मी ते म्हणालो. म्हणून झाल्यावर कळलं, आपण काय बोललो ते. दादांचा हात म्हशीच्या पाठीवर थांबला.

"मंग तसं सरळ म्हण की," ते म्हणाले. "आबांचा डोळा म्या घालवला."

सगळ्यांनी तसंच सांगितलं होतं, तुम्ही एकट्यानं ठरवलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण दादांनी सगळ्यांचं नाव काढलं नव्हतं, स्वतःचंच काढलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःच्या जिभेचा रागही आला. दादांनी बादली घेतली आणि धारेला बसले. मी शेवटच्या गाडीनं धाराशिवला आलो, कॅमेरा माझ्याच पिशवीत राहिला.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मी केला तर वहिनी उचलायच्या. मला भीती वाटत होती, आणि ती कशाची हे मला नीट माहीत होतं. दादा दवाखान्यात गेले तर आबांच्या बाबतीत आपलं चुकलं हे त्यांना मान्य केल्यासारखं होणार होतं. आणि ते मान्य करायचं नसेल तर घरातली गोष्ट तशीच ठेवायला हवी होती, म्हणजे हाही डोळा पिकू द्यायला हवा होता. दादा हट्टाला पेटले की कुणाचं ऐकत नाहीत. त्या दिवसांत मी एक लेन्स उघडली आणि ती मला परत जोडता आली नाही. उजेड कमी-जास्त करणारी आतली पातळ पानं वर-खाली होत राहिली. शेवटी तशीच सुटी डब्यात घालून ठेवली.

मग एका सकाळी दादा दारात उभे. इस्त्रीचा सदरा, खांद्याला पिशवी. चहा घेतला, पावसाचं आणि सोयाबीनचं बोलून झालं. मग बशी खाली ठेवत त्यांनी सोलापूरची गाडी कितीला असते ते विचारलं. मी कॉलेजला फोन करून रजा टाकली. वाटेत तुळजापूर गेलं तेव्हा त्यांनी खिडकीतून हात जोडले. सोलापूरपर्यंत आबांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

तपासणीत डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. दादांनी माझ्याकडं बघितलं नाही. डोळ्यातली खराब झालेली लेन्स काढून तिथं नवी बसवणार, हे ऐकल्यावर मात्र त्यांनी डॉक्टरांना विचारलं, ती आटोमॅटिक असती का हातानं फिरवायची. डॉक्टर हसले. म्हणाले, एकाच अंतराला बसवलेली असते, लांबचं दिसेल, वाचायला चष्मा लागेल. म्हंजे तुझ्या कॅमेऱ्यापरीस जुनी, दादा मला म्हणाले. गोठ्यातल्या त्या संध्याकाळनंतर ते माझ्याशी पहिल्यांदाच चेष्टेनं बोलले. मला इतकं हलकं वाटलं की मी उगाच बाहेर जाऊन केळी घेऊन आलो.

ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा लावून दादा गावी गेले. तो चष्मा निघाल्यावर सोप्याची भिंत पिवळी नसून पांढरी आहे, हा शोध त्यांना लागला. जवळचा चष्मा परत लागला आणि शेवग्याचं नाव घरात निघेनासं झालं. वहिनींना त्याचं थोडं वाईट वाटलं असावं. जाताना दादांनी माझ्याकडून कॅमेरा नेला होता. त्यासोबत एक पोकळ कडंही मागून घेतलं. ते लेन्सच्या मागं बसवलं की अगदी जवळच्या वस्तूवर फोकस करता येतो. सोयाबीनवरचे किडे काढायचे असतील म्हणून मी दिलं.

पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा दादा रानात होते. कॅमेरा कोनाड्यात होता. मी सवयीनं आधी चाक बघितलं. ते लाल ठिपक्यापाशीच होतं, केसभर अधिककडं. मग कार्ड लॅपटॉपला लावलं.

किडे नव्हते, बगळेही नव्हते. पहिल्या फोटोत नुसताच एक करडा डाग होता, हललेला. दुसऱ्यात तो जरा गोल झाला. तिसऱ्यात काठ आले. फोटो पुढं सरकवत गेलो तसं लक्षात आलं की हा कागद आहे, छापील कागदाचे दाणे दिसताहेत. मी मान वर करून आबांच्या तसबिरीकडं बघितलं. काच पुसून लख्ख केलेली होती आणि चंदनाचा हार एका बाजूला सारलेला होता. शेवटच्या फोटोत काठापासून काठापर्यंत आबांचा उजवा डोळा होता, पांढरा. पापणीचा केस न् केस वेगळा दिसत होता.

दादा रानातून आले. पाय धुतले, खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि उंबऱ्यात उभे राहिले. त्यांना लॅपटॉपवर काय आहे ते तिथून दिसत होतं. ते जवळ आले नाहीत.

"फोकस बराबर लागलाय का?" त्यांनी विचारलं.

"लागलाय, दादा," मी म्हणालो. "बराबर डोळ्यावर लागलाय."

त्यांनी मान हलवली, आत गेले आणि वहिनींना चहा ठेवायला सांगितलं.