दिग्गीच्या चढावर थांबलेली मागची चाकं

गाडी चढावाच्या मध्यावर थांबली आणि पुढची दोन चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. तांबडा चिखल उडून दरवाजांवर बसला. मी रस्त्याच्या कडेला वाकून मागच्या चाकाकडे बघत होते. ते हलतसुद्धा नव्हतं.

"बघितलासा न्हवं, मॅडम?" परशराम पाटील खिडकीतून ओरडले. "हिला म्हणं चारी चाकांची वढ हाय! दोनच फिरत्यात. टू-व्हील गाडी दिली तुमच्या लोकांनी, वर फोर-व्हीलचा बिल्ला लावून."

"आणखी एकदा रेस द्या," मी म्हणाले. "हळू."

त्यांनी दिली. पुढची फिरली, मागची नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. हीच गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये तीनदा येऊन गेली होती. लिफ्टवर चढवली की चारी चाकं नीट फिरायची. बिघाड डोळ्यांसमोर घडला की निम्मं काम झालं.

मी बेळगावात महागड्या एसयूव्हींच्या एका वर्कशॉपमध्ये टेक्निकल विभाग बघते. जी गाडी इतरांना कळत नाही ती माझ्याकडे येते. ही आली तेव्हा आमच्या वर्क्स मॅनेजरांनी निकाल आधीच लावला होता. "चालवण्यात चूक असणार. जा, एक फेरी मार, ड्रायव्हर एरर लिही आणि क्लोज कर."

फेरी मारायला मी जोयड्याच्या पुढं, दिग्गीच्या वाटेवरच्या या वाडीत आले होते. डांबरी रस्ता ओढ्यापाशी संपतो. तिथून वाडीपर्यंत मातीचा चढ. पाटलांचं रामनगरला सिमेंट-पत्र्याचं दुकान. त्यांची मुलगी रेणुका या वाडीत देसायांच्या घरी दिलेली. तिचे दिवस भरत आले होते आणि पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी न्यायचं होतं. वाडीत एक जुनी जीप होती, पण डॉक्टरांनी गचके चालणार नाहीत म्हणून बजावलं होतं. त्या निसरड्या चढावरून चालत उतरायचाही प्रश्न नव्हता. म्हणजे पाटलांचीच गाडी अंगणापर्यंत जायला हवी होती.

त्यात घरचीच एक पंचाईत होती. पाटलांचा धाकटा भाऊ यल्लाप्पा याच्याकडे त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची गाडी होती, फक्त टू-व्हील. दोघांनी एकदमच घेतल्या होत्या. थोरल्यानं हट्टानं फोर-व्हील घेतली, धाकट्यानं "अण्णा, मला दोन बास" म्हणून साधी घेतली. आणि यल्लाप्पाची गाडी हा चढ चढायची, पण अशी शेपूट घसरवत की रेणुकाला तीत बसवायला कुणी तयार नव्हतं.

आत्ताही तो खाली ओढ्यापाशी उभा होता. अण्णांनी गाडी मागं घेऊन वाट मोकळी केली, तसा त्यानं खालूनच वेग धरला. गाडीचं शेपूट डावीकडं गेलं, उजवीकडं आलं, आणि गाडी वर.

पाटलांनी तोंड फिरवलं.

इथं थोडं समजावून सांगते. टू-व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनची ताकद दोनच चाकांना मिळते. या मॉडेलमध्ये पुढच्या. मागची नुसती ओढली जातात. जुन्या जीपमध्ये एक दांडा असतो, तो टाकला की पुढची-मागची चाकं लोखंडानं एकमेकांना बांधली जातात. आजकालच्या बऱ्याच महागड्या एसयूव्हींत दांडा नसतो. मागच्या ॲक्सलजवळ एक डबा असतो, त्याला आम्ही कपलिंग म्हणतो. आत क्लचच्या चकत्या. कॉम्प्युटरला वाटलं की मागच्यांना ताकद द्यायला हवी, की तो त्या चकत्या दाबतो. एरवी त्या बहुतेक मोकळ्या.

यल्लाप्पाच्या गाडीचं कोडं मला लगेच सुटलं. त्याला ठाऊक होतं की आपल्याकडं दोनच चाकं आहेत, म्हणून तो खालूनच जोर घ्यायचा आणि मध्ये पाय उचलायचा नाही. पाटलांचा चारांवर विश्वास, म्हणून ते सावकाश चढायचे. मी यल्लाप्पाला म्हणाले, "आता अण्णांसारखी हळू आणून दाखव." तो खाली जाऊन हळू आला आणि बरोबर त्याच जागी अडकला. पाटलांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

पण त्यामुळं त्यांच्या गाडीचं काही सुटत नव्हतं. तिची मागची चाकं का झोपली?

तेवढ्यात रेणुकाच्या सासूबाई छत्री घेऊन वरून उतरल्या. हातात नारळ. चढाच्या पायथ्याशी झाडाखाली एक शेंदूर लावलेला दगड आहे, वाडीचा राखणदार. त्यांनी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तू कंपनीची गो बाय?"

"होय, मावशी."

"मग बस जरा. राखणदाराला सांगितलं की चढते ती. दर बारी तसंच हाय."

"दर वेळी?"

"दर बारी. आल्या आल्या चढत न्हाई. नारळ देऊन, जरा बसून मग चढते."

पाटील खाली मान घालून म्हणाले, "खरं हाय मॅडम. वर्कशॉपात सांगायला लाज वाटली."

मी तिथंच एका दगडावर बसले. मला गंमत वाटत होती. तीन वेळा गाडी तपासली गेली, पण ती कधी चढते हे कुणीच विचारलं नव्हतं. सगळ्यांनी ती कधी चढत नाही तेवढंच विचारलं.

मावशींनी सावकाश नारळ फोडला, राखणदाराला गाऱ्हाणं घातलं, आम्हाला खोबरं दिलं. मग ओढ्याला पाणी किती, भात लावून झालं का, असं बोलणं झालं. पाऊस भुरभुरत होता. बऱ्याच वेळानं पाटील उठले, गाडीत बसले आणि सावकाश वर निघाले. मी मागच्या चाकाकडं बघत होते. ते फिरत होतं. चारी चाकं चिखल धरत गेली आणि गाडी अंगणात जाऊन थांबली.

तीच गाडी, तोच चढ, तोच ड्रायव्हर, तोच चिखल. मध्ये फक्त वेळ गेला होता. वेळेनं कुठली गोष्ट बदलते? मला एकच सुचली. तापलेली वस्तू थंड होते.

अंगणात रेणुका खुर्चीवर बसली होती. वडिलांना बघून उठायला लागली तशी सासूनं तिला खांद्याला धरून बसवलं.

"विहीणबाई, आता गाडी वर आली की," पाटील म्हणाले. "पोरीला घेऊन जातो."

"आली, पण कशी आली ते तुम्हाला तरी कळलं काय?" मावशी म्हणाल्या. "वाटेत रानात थांबली तर मी कुणाला हाक मारू? फोन तरी लागतो काय तिथं? तुमची गाडी नीट होऊ दे. मग न्या."

बाई बरोबर बोलत होत्या.

मी लॅपटॉप काढून गाडीला जोडला. कपलिंगचं तापमान दाखवणारा एक आकडा असतो, तो लावला. "पाटील, आता जोयड्याच्या रस्त्याला निघा. रोज चालवता तशीच चालवा. यल्लाप्पाण्णा, तुम्हीपण मागनं या."

ओढा ओलांडून डांबरीवर आलो. रस्ता ठिकठिकाणी उखडलेला. मी आकड्याकडं बघत होते. तो चढत होता. सपाट रस्त्यावर, सरळ जाताना, चाक कुठं घसरत नसताना.

मग माझं लक्ष गिअरजवळच्या नॉबकडं गेलं. तो चिखलाच्या चित्रावर होता.

"हे मड मोडवर का ठेवलंय?"

"मग? फोर-व्हीलची गाडी घेतली, ते बंद कशाला ठेवायचं? मी रामनगर सोडलं की लावतो ते."

मड मोडमध्ये त्या क्लचच्या चकत्या सतत दाबलेल्या राहतात. खूप तापल्या की कॉम्प्युटर त्यांना वाचवायला सोडून देतो. मग गाडी टू-व्हील. थंड झाल्या की परत फोर-व्हील. नियमाप्रमाणं हा बिघाडच नाही, त्यामुळं आमच्या स्कॅनरला कधी काही सापडलं नाही. स्टेअरिंगमागच्या पडद्यावर छोटा संदेश तेवढा येतो.

"संदेश येतो व्हय," पाटील म्हणाले. "इंग्रजीत कायतरी येतंय. मी स्टेअरिंगचं बटण दाबून घालवतो."

इथं माझं काम संपलं असतं. ग्राहकानं मोड चुकीचा वापरला, ड्रायव्हर एरर, क्लोज. पण मनाला पटेना. आमच्या कितीतरी गाड्या मड मोडवर दिवसभर उसाच्या फडातून फिरतात. त्यांच्या चकत्याही दाबलेल्या असतात. त्या अशा तापत नाहीत. चकत्या नुसत्या दाबल्यानं तापत नाहीत, एकमेकींवर घासल्या तर तापतात. आणि घासायला पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेग वेगळा हवा. सरळ रस्त्यावर तो वेगळा कसा?

"थांबवा," मी म्हणाले.

एका बसथांब्यासमोर थोडं सपाट काँक्रीट होतं. मी उतरून आधी पुढच्या टायरवर हात फिरवला, मग मागच्या. पुढच्या टायरची नक्षी खोल, बोट आत जाईल अशी. मागची झिजलेली. बाद नव्हती, वर्कशॉपात चारी टायर पास झाले होते. प्रत्येक टायर वेगळा बघितला तर पास होता, पण चौघांना एकमेकांशेजारी कुणी ठेवलं नव्हतं.

"पुढचे दोन नवीन घातले काय?"

"व्हय. मागं दगडानं एक फाटला. टायरवाला म्हणाला, पुढचे दोन घाला, मागचे आणखी चालतील."

साध्या गाडीला हा सल्ला कुणीही देईल. माझ्या बॅगेत खडू असतो. मी पुढच्या आणि मागच्या टायरवर अगदी खाली, जमिनीला टेकतं तिथं, एकेक रेघ मारली. "आता गाडी हळूहळू पुढं घ्या. मी सांगितलं की थांबा."

चाकं काही वेढे फिरली. पुढची रेघ पुन्हा बरोबर खाली आली तेव्हा मी हात केला. मागची रेघ खाली येऊन, पुढं वर चढून गेली होती. चांगली वीतभर.

यल्लाप्पा वाकून बघत होता. "म्हणजे मागचं चाक लहान झालंय?"

"झिजून लहान झालंय. लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फिरावं लागतं. तुमच्या गाडीत त्याचं काही बिघडत नाही, पुढच्या-मागच्या चाकांची गाठच नाही. अण्णांच्या गाडीत ती मड मोडवर एकमेकांना धरलेली. एक म्हणतं हळू, दुसरं म्हणतं जोरात. मधल्या चकत्या दिवसभर घासतात. ही गाडी रामनगरपासून घासत येते आणि नेमकी चढापाशी पोचेपर्यंत तापून सुटते."

पाटलांनी वाकून खडूच्या रेघेवर बोट ठेवलं. "म्हणजे गाडी खोटी न्हाई."

"नाही. फोर-व्हीलच आहे. फक्त चाकं चार वेगळी नकोत, चार सारखी हवीत."

"मग आता? टायर बेळगावास्नं आणायचं तर दिवस गेला."

नुसता मड मोड बंद ठेवून एकदा चढ चढला असता, पण मावशींना गाडी नीट झालेली हवी होती. उत्तर समोरच उभं होतं. यल्लाप्पाचे नुकतेच बदललेले मागचे टायर अण्णांच्या पुढच्या टायरांइतकेच नवे होते, माप तेच, कंपनी तीच. मी दोघांकडं बघितलं. पाटलांनाही कळलं. पण माझी झिजलेली चाकं तू घे, असं भावाला कसं म्हणायचं?

यल्लाप्पानंच जॅक काढला. "दे की अण्णा. माझी मागची नुसती वढत येत्यात. पोरगी माझीबी हाय न्हवं?"

भर पावसात दोघा भावांनी चार चाकं अदलाबदल केली. पाटील पाना धरून होते आणि मधूनमधून नाक पुसत होते. मी यल्लाप्पाला बजावलं, "झिजलेले टायर मागं आहेत. ओल्या वळणावर शेपूट फिरेल. सावकाश जा आणि आठवड्यात बदला." मग खडूची रेघ पुन्हा मारून बघितली. दोन्ही एकदमच खाली आल्या.

नुसतं तेवढ्यावर वाडीत परत जायचं नव्हतं. मी पाटलांना मुद्दाम मड मोडवरच जोयड्यापर्यंत नेलं आणि परत आणलं. आकडा थोडा वर गेला आणि तिथंच राहिला. ओढा ओलांडला. "थांबू नका," मी म्हणाले. "तुमच्या पद्धतीनं जा. हळू."

पाटलांनी ओठ दाबून गाडी चढाला घातली. मध्यावरच्या त्या जागी पुढचं चाक एकदा घसरलं. लगेच मागून धक्का जाणवला, कुणी पाठीला हात लावावा तसा. गाडी वर गेली.

मावशी अंगणाच्या कडेला उभ्या होत्या. "बसला न्हाईत काय खाली?"

"न्हाई, विहीणबाई. सरळ आलो."

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग माझ्याजवळ आल्या. "तू बसशील काय हिच्यासंगं, रामनगरपर्यंत?"

वर्कशॉपच्या कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा हा प्रश्न अवघड होता.

"बसते," मी म्हणाले.

रेणुकाला मागं पाठीशी उशा लावून बसवलं. मी तिच्याशेजारी, मांडीवर लॅपटॉप. पाटलांनी नॉब साध्या मोडवर ठेवला आणि इतक्या हळू निघाले की यल्लाप्पा मागून हॉर्न वाजवायला लागला. रेणुका स्क्रीनकडं बघत होती.

"हा आकडा कसला, अक्का?"

"मागच्या चाकांना ताप किती आहे, त्याचा."

"आहे काय?"

"नाही."

मग ती डोळे मिटून टेकली. रामनगरपर्यंत आकडा हलला नाही, मीही फारशी हलले नाही.

पुढं तिला मुलगी झाली. पाटलांनी मला पेढे पाठवले आणि यल्लाप्पाला नवीन टायर घेऊन दिले. मॅनेजरांनी रिपोर्ट वाचून एवढंच म्हटलं, "म्हणजे ड्रायव्हर एरर नव्हतं." आता आमच्याकडं फोर-व्हीलची गाडी आली की आधी चारी टायर एकमेकांशी ताडून बघतात, लॅपटॉप नंतर.

लोक मला नेहमी विचारतात, मॅडम, टू-व्हील घेऊ का फोर-व्हील? मी विचारते, रस्ता कुठला? डांबरी असेल तर दोन पुरतात. चिखल असेल तर चार घ्या. पण चार घेतलीत तर टायर बदलताना दोनांवर भागवू नका.