लिमरिक जंक्शनला मी उतरलो, मावशी नाही

सुमनमावशी गेल्याचं मला आयर्लंडमध्ये, कॉर्कजवळच्या रिंगास्किडीच्या कारखान्यात, कपडे बदलायच्या खोलीत कळलं. आमच्याकडे औषधं बनतात, त्यामुळे फोन आत नेता येत नाही. डोक्याला जाळी, दाढीला जाळी अशा अवतारात बाहेर येऊन लॉकर उघडलं, तर फॅमिली ग्रुप ओसंडून वाहत होता. ‘प्रेमळ मावशी’, ‘सोशिक आत्या’, ‘दुसऱ्यांसाठी झिजलेली माउली’... खाली कमळं, तरंगते दिवे, आणि एका मामेभावानं तर घाईत वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्तीच टाकलेली. रडू यायच्या आधी मला राग आला. सोशिक? ती बाई सगळ्यांचं सगळं करायची हे खरं, पण करताना समोरच्याला तोंडानं सोलून काढायची. आमच्या खानदानातल्या लोकांनी तिच्या हातचं तेवढं लक्षात ठेवलं, तोंडचं सोयीस्करपणे विसरले.

मावशी नागपूरला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. लग्न केलं नाही, म्हणजे आमच्या हिशेबी ती कायमची मोकळी. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचं ऑपरेशन असो, तार आधी मावशीला. तिनं निम्मा महाराष्ट्र पाहिला तो नातेवाइकांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून. मीही त्याच खानदानाचा. आमची ईरा झाली आणि माझ्या बायकोची, मुग्धाची, रजा संपत आली, तेव्हा फेब्रुवारी २०२० मध्ये मी मावशीला तीन महिन्यांसाठी कॉर्कला बोलावून घेतलं, आणि वर ‘तेवढंच आयर्लंड बघणं होईल तुझं’ असं उपकार केल्यासारखं म्हणालो. मग विमानं बंद झाली. मावशी अडकली, आणि मला, खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

उन्हाळ्यात निर्बंध सैल झाले तशी इथली समस्त मराठी जनता गाड्या काढून सुटली. आम्ही लोक देश बघत नाही, आटोपतो. सकाळी कडा, दुपारी किल्ला, पार्किंगमध्ये डब्यातले पराठे, आणि रात्री ग्रुपवर तोच तोच समुद्र प्रत्येकाच्या खांद्यामागे. आम्हीही गेलो. मावशी मागच्या सीटवर, ईराच्या खुर्चीला खेटून. ऐन कड्यांपाशी ईरा झोपली. मी म्हणालो, “मावशी, तू बस गं हिच्यापाशी, आम्ही पटकन बघून येतो.” पटकन म्हणजे तासभर. परत आलो तर मावशी काच खाली करून म्हणाली, “होता का रे समुद्र जागेवर?”

त्या संध्याकाळी तिनं जाहीर केलं. “मला स्लायगोला जायचं आहे. रेल्वेनं. तिथं सपाट माथ्याचा डोंगर आहे. बर्फ डोंगराला कसा तासतो हे जन्मभर पोरींना फळ्यावर काढून दाखवलं. आता एक बघू तर दे.”

मी तिला समजावलं. माझी समजावण्याची पद्धत अशी, की पाच मिनिटांत समोरच्याला मी मूर्ख आहे हे समजतं. इथल्या रेल्वेचे सगळे रूळ डब्लिनला जातात, मावशी. कॉर्कहून स्लायगोला जायचं तर आधी वाट सोडून पूर्वेला डब्लिन गाठायचं, तिथे ट्रामनं दुसऱ्या स्टेशनवर जायचं, मग पुन्हा अख्खा देश ओलांडायचा. रेल्वेनं फक्त विद्यार्थी आणि पेन्शनर फिरतात. मी कारनं नेतो ना...

“कारमध्ये मी ईराची बाई राहते,” मावशी म्हणाली. “रेल्वेत मी पॅसेंजर राहीन.”

मुग्धानं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं बुकिंग केलं. दोघांचं. मावशी म्हणाली, “तू काऊन?” मी म्हणालो, “तुला एकटीला कसं पाठवू?” तिनं सुस्कारा सोडला. “ये मग. पण सामानासारखा गप राहा.”

ऑगस्टमधली सकाळ होती. मास्क लावून आम्ही डब्लिनच्या गाडीत बसलो. तिकिटं मावशीच्या पर्समध्ये, कारण मी वस्तू हरवतो असा तिचा सिद्धान्त होता. साडी, स्वेटर, पायात मुग्धाचे बूट. खिडकीला नाक लावून ती आयर्लंडला नावं ठेवत होती. “बशी आहे बशी. डोंगर सगळे काठाला, मध्ये नुसतं ओलं गवत. अन् गाईंकडे पाहा, एकही मेहनती दिसत नाही.” इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. तिला चहा हवा होता, पण साथीमुळे गाडीतली चहाची ट्रॉली बंद. एवढ्यात घोषणा झाली, पुढचं स्टेशन लिमरिक जंक्शन.

आता मी नागपूरचा माणूस. जंक्शन हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे इटारसी उभी राहते. इंजिन बदलणार, डब्यांत पाणी भरणार, वडे तळले जाणार, निवांत उतरून पाय मोकळे करायचे. मी उठलो. “उतरू नको,” मावशी म्हणाली. “अगं, जंक्शन आहे!” मी म्हणालो आणि ऐटीत खाली उतरलो.

लिमरिक जंक्शन लिमरिकमध्ये नाही. ते कशातच नाही. एक फलाट, टांगलेल्या फुलांच्या कुंड्या, कुलूप लावलेली कॅन्टीन आणि वारा. मी कुलूप हलवून बघतोय तोवर मागे दारांचा पी-पी आवाज झाला. धावलो, दार बडवलं, आतल्या गार्डनं खेदानं मान हलवली आणि गाडी निघाली. खिडकीत मावशीचा हात वर झालेला दिसला. मला वाटलं, घाबरून बोलावतेय. मग नीट पाहिलं... ती टाटा करत होती.

फोन लावला. “मावशी, घाबरू नकोस! डब्लिनला उतर आणि तिथेच बाकावर बस. हलायचं नाही.”

“बरं,” मावशी म्हणाली. इतकं गरीब ‘बरं’ तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं, तेव्हाच संशय यायला हवा होता.

नवं तिकीट काढून मागच्या गाडीनं डब्लिनला पोचलो तर बाकांवर मावशी नाही. स्टेशनवरच्या माणसाला मी साडी, स्वेटर, बूट असं सगळं हातवारे करून सांगितलं. तो म्हणाला, “ती होय! ती एकदम मजेत आहे, ग्रँड. ट्रामचं विचारलं आणि गेली. कुणी बावळट दिसणारा माणूस शोधत आला तर पुढच्या गाडीनं ये म्हणून सांगितलंय.” त्यानं ‘बावळट’साठी सौम्य शब्द वापरला होता, भाषांतर मी मावशीच्या स्वभावाला धरून केलं आहे. पुन्हा फोन लावला.

“मी स्लायगोच्या गाडीत बसली. सुटली गाडी.”

“एकटी?”

“नाही, ड्रायव्हर आहे नं.”

संध्याकाळी स्लायगोला उतरलो तेव्हा मावशी फलाटावरच्या बाकावर बसून कागदातले व्हिनेगर घातलेले चिप्स खात होती. हो, बाहेरच्या खाण्याला कधी न शिवणारी मावशी. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “आणला चहा?”

मग स्वतःहून सांगितलं, “त्या गाडीत सीटच्या वर आपापली नावं लागतात रे. पाटीवर, उजेडात. माझ्या बाजूला तुझं नाव चमकून राहिलं होतं, अन् तू नव्हता. फार बरं वाटलं.”

“आणि डोंगर? दिसला?”

“दिसला.”

“कसा आहे?”

“उद्या आपल्या डोळ्यांनी पाहा.”

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या जागी नुसता ढग होता. मी बघत राहिलो, मावशी माझ्याकडे बघून हसत राहिली. त्या एकट्या प्रवासात तिनं काय काय पाहिलं हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. ते तिचं होतं. आमच्या खानदानाला त्यातला घाससुद्धा मिळाला नाही.

ऑक्टोबरमध्ये ती परत गेली. एप्रिलमध्ये नागपुरात मामाकडे सगळे आजारी पडले आणि अर्थातच मावशीला बोलावणं गेलं. ते सगळे उठले. मावशी झोपली ती उठली नाही. आणि आता त्याच लोकांना ती सोशिक होती हे आठवतंय... मी स्क्रीनवरून त्या श्रद्धांजली सभेला बसलो होतो. मामा डोळे पुसत म्हणाला, “ती कधी स्वतःसाठी जगली नाही.” जणू त्यात आमचा काही हात नव्हता. मी माझा माईक बंद ठेवला, कारण उघडला असता तर मावशीच बोलली असती.

मागच्या आठवड्यात ग्रुपवर मागणी आली: स्मरणिकेसाठी मावशीचा आयर्लंडमधला छानसा फोटो पाठव. माझ्याकडचे फोटो धुंडाळले. प्रत्येकात तिच्या कडेवर ईरा, हातात ईराची बाटली किंवा मागे स्वयंपाकाचा ओटा. त्यातला एकही पाठवायची इच्छा होईना. शनिवारी मी डब्लिनहून स्लायगोच्या गाडीची एक सीट बुक केली, तिच्या नावानं, खिडकीची. माझी दुसऱ्या डब्यात. गाडी सुटल्यावर तिच्या डब्यात जाऊन एकच फोटो काढला. रिकामी सीट, खिडकीत ओलं गवत, वर उजेडात तिचं नाव. आणि मुकाट माझ्या जागेवर येऊन बसलो.

फोटो ग्रुपवर टाकला. मामेभावानं लगेच विचारलं, “अरे, ह्यात आत्या कुठंय?”

मी लिहिलं, “फिरायला गेली आहे.”